किल्ली बदलायचा दिवस

निर्मळचं तळं मागे पडलं तरी वसुंधराच्या तोंडून ती गोष्ट निघाली नव्हती. दोनदा तिने घसा खाकरला. दोन्ही वेळा प्लासिड सायकल थांबवून म्हणाला, "पाणी देऊ का ताई?" दुसऱ्या वेळी तर तहान नसताना ती घटाघटा पाणी प्यायली. तेवढाच तोंडाला उद्योग.

२००८ सालचा जानेवारी होता. दुपारी बाराच्या सुमारास रिक्षावाल्यांचं आणि बसवाल्यांचं कशावरून तरी बिनसलं आणि अर्ध्या तासात सगळी चाकं जागच्या जागी थांबली. वटारच्या दवाखान्यात सकाळी घेतलेले रक्ताचे अकरा नमुने बर्फाच्या डब्यात तयार होते. ते पाचच्या आत ट्रस्टच्या माणिकपूरच्या मोठ्या रुग्णालयात पोचायला हवे होते, आणि न्यायला येणारी गाडी येणार नव्हती. वसुंधरा दवाखान्यातली नोंदणी कारकून. तिने पदर खोचला, डबा उचलला आणि चालायला लागली. नऊ-दहा किलोमीटरची वाट. गावाच्या टोकाला मागून सायकलची घंटी वाजली. वळून बघते तर प्लासिड रुमाव. ज्याची गाठ पडू नये म्हणून पावणेदोन वर्षं ती वटारच्या चर्चकडचा रस्ता टाळत होती, नेमका तोच.

त्याने न विचारता डबा तिच्या हातातून घेऊन हँडलला अडकवला. मागे कॅरियरवर केळीच्या पानांचा भारा होता.

"तुम्ही सायकलवर बसून व्हा की पुढे, सर," ती म्हणाली. "मी येते सावकाश."

"आणि डबा कोणी द्यायचा? तिथे सही तुमची लागते. मी आता तिथला कोण?" तो म्हणाला. बोलण्यात खोच नव्हती, म्हणूनच ते जास्त लागलं. "आणि सर म्हणू नका. पानं विकतो मी."

"माणिकपूरला पानं द्यायला चाललात?"

"पानं वाटेत द्यायची. माणिकपूरला फ्रान्सिसला 'नाही' सांगायचंय."

फ्रान्सिस त्याच्या वर्गातला. माणिकपूरला त्याने ऑफिस थाटलं होतं, शाळा-कॉलेजांचे कॉम्प्युटर एकमेकांना जोडून द्यायचं. आठ ठिकाणचे राउटर सांभाळायला त्याला विश्वासाचा माणूस हवा होता आणि तो तीन महिने प्लासिडच्या मागे लागला होता.

"फोनवर नाही म्हटलं की तो आठ दिवसांनी पुन्हा फोन करतो. समोर जाऊन सांगितलं की विषय संपला. आज पाचला बोलावलंय त्याने. उद्यापासून दुसऱ्या कोणाला तरी ठेवणार आहे."

"पण नाही का म्हणता?"

प्लासिडने कॅरियरवरचा घसरणारा भारा एका हाताने सावरला. मग म्हणाला, "ज्याला स्वतःची चूक सापडत नाही, ताई, त्याने दुसऱ्याच्या किल्ल्या हातात घेऊ नयेत."

वसुंधराने निर्मळच्या देवळाच्या दिशेने नुसते हात जोडले. मागायचं काय तेही सुचेना. ती चूक कुठे आहे हे साऱ्या जगात एकट्या तिलाच ठाऊक होतं. आणि माणिकपूर येईपर्यंतच वेळ होता. तो एकदा फ्रान्सिसला नाही म्हणून आला असता तर मग सांगून तरी काय उपयोग?

प्लासिडचं घर वटारच्या आतल्या आळीत. घरामागे केळी, तोंडलीचा मांडव आणि विहीर. वडील तो सातवीत असताना गेले. आई लिली, सगळं गाव तिला लिलीबाय म्हणायचं, डोक्यावर पाटी घेऊन पहाटे बाजार गाठायची आणि आठच्या आत परत यायची. तिच्या पाटीवर पोरगं मॅट्रिक झालं, मराठी शाळेतून. मग दादरला कॉम्प्युटरच्या क्लासला गेला. तिथे पहिल्याच दिवशी मास्तरांनी हातात सातशे पानांचं इंग्रजी पुस्तक ठेवलं. प्लासिडने काय करावं? पुस्तकाच्या प्रत्येक पानाच्या कडेला पेन्सिलीने मराठी अर्थ लिहायला घेतले. वर्षभरात पुस्तक संपलं आणि कडाही संपल्या. तिथे 'की' या शब्दापुढे त्याने 'किल्ली' लिहिलं होतं. पुढे ट्रस्टच्या नोकरीत आल्यावरही तो किल्लीच म्हणायचा, म्हणून दवाखान्यातले सगळे किल्ली म्हणायला लागले.

ट्रस्टचे बाहेरगावचे चार दवाखाने होते. २००४ साली चारही ठिकाणी टेलिफोनच्या भाड्याच्या लाईनी आल्या. वटारला पेशंट आला तरी त्याचा माणिकपूरचा जुना केसपेपर इथल्या पडद्यावर दिसायला लागला. दोन्ही टोकांना एकेक राउटर, शाळेतल्या पाटीएवढी चपटी पेटी. ती बसवताना दवाखान्यातली मावशी भागूबाई कमरेवर हात ठेवून उभी होती. भागूबाई अर्नाळ्याची कोळीण, तोंडाने फटकळ.

"ही पेटी करते काय, सर?"

"ही माणिकपूरच्या पेटीला हाक मारते. ती हिला मारते. हाकेबरोबर दोघी एक ठरलेला शब्द सांगतात. शब्द जुळला तर रस्ता उघडा, नाही तर बंद. म्हणजे मधेच कोणी तिसऱ्याने सोंग घेऊन घुसू नये. त्या शब्दाला किल्ली म्हणायचं."

"म्हंजी आमचा जावई दाराभायेर येऊन खोकतो नि मंग पोर दार उघडते, तसं."

"अगदी तसं. फक्त दर तीन महिन्यांनी जावयाने खोकणं बदलायचं."

"आन पोरीला ते आधी सांगून ठेवायचं!"

"तेच तर माझं काम," प्लासिड म्हणाला. पेटी बसवून होईपर्यंत भागूबाईने ही गोष्ट बाहेर बाकड्यावर बसलेल्या सगळ्या पेशंटांना सांगितलीसुद्धा.

ते काम तो देवपूजेसारखं करायचा. डिसेंबरात एकदा सगळ्या वर्षाचं वेळापत्रक आखायचं. आधी रेघांच्या कागदावर हाताने, मग टंकून. समोर तीन कॅलेंडरं: चर्चचं, पंचांगाचं आणि ट्रस्टच्या सुट्ट्यांचं. गणपती, नाताळ, गुड फ्रायडे, होळी, असा कोणाचाही सण किल्ली बदलायच्या दिवशी येता कामा नये. वर भागूबाईला विचारायचा, "तुमची पालखी कधी?" आणि वसुंधराला, "ताई, तुमचा मंगळवारचा जीवदानीचा नेम आहे ना? मग मंगळवार नको." किल्ली बदलायची वेळ नेहमी दुपारी एक. बाकीचे लोक म्हणे हे काम रात्री करतात. त्यावर तो म्हणायचा, "रात्री बिघडलं तर मला उठवायला जागं कोण असणार? एक वाजता दोन्हीकडे माणसं असतात. आणि भूक लागलेली असते म्हणून कोणी गप्पा मारत बसत नाही."

दोन्ही पेट्यांच्या पोटात हे वेळापत्रक भरलेलं असायचं. घड्याळात एक वाजला की दोघी आपण होऊन नवा शब्द धरायच्या. पहिल्या वर्षी प्लासिडने अलीकडे-पलीकडे अर्धा अर्धा तास दोन्ही शब्द चालतील अशी सोय ठेवली होती. मग मुंबईहून तपासायला आलेल्या माणसांनी सांगितलं, एवढी ढिलाई चालणार नाही, पाच मिनिटं पुरे. त्याने पाच केली.

आता यात सगळी भिस्त घड्याळावर. आणि वटारच्या पेटीची एक खोड होती. वीज गेली की ती वेळ विसरायची. बॅटरीचं यंत्र केव्हाच निकामी झालेलं, नवं मंजूर होत नव्हतं. त्या दिवसांत भारनियमनाने वीज दिवसातून दोनदा तरी जायची. वीज आली की पेटीला वाटायचं १९९३ साल चालू आहे.

"माझ्या म्हाताऱ्यासारखी," भागूबाई म्हणाली. "झोपून उठला का इचारतो, बाजीरावची होडी आली का. बाजीराव मरून धा वर्सं झाली."

म्हणून प्लासिडने वसुंधराला एक ओळ शिकवली. वीज आली की की-बोर्डवर ती टंकायची: आधी इंग्रजी हुकूम, मग तास, मिनिटं, तारीख, महिना, साल. वसुंधरा देवगडकडच्या मराठी शाळेत शिकलेली, लग्न होऊन विरारला मनवेलपाड्यात आलेली. सुरुवातीला एकेक अक्षर शोधताना तिला घाम फुटायचा. प्लासिड मागे उभा राहून म्हणायचा, "घाई नाही, ताई. मीसुद्धा असाच शिकलो." एवढं बोलून त्याने तिला वही आखून दिली. वीज कधी गेली, कधी आली, वेळ किती लावली, वेळ कुठून घेतली, सही. त्यातल्या 'कुठून घेतली' या रकान्यावर त्याने बोट ठेवलं. "टेलिफोनवर वेळ सांगतात तो नंबर फिरवायचा. रोज. मनगटावरचं घड्याळ नको आणि भिंतीवरचं तर मुळीच नको."

भिंतीवरचं घड्याळ भागूबाईच्या ताब्यात होतं आणि ते पंधरा मिनिटं पुढे असायचं. डॉक्टर उशिरा यायचे, म्हणून तिने ते पुढे केलं होतं. "त्यांना तरी लाज वाटंल," म्हणायची. डॉक्टरांना लाज वाटली नाही, पण घड्याळ तसंच राहिलं. त्या भागात कोणाच्या घरातलं घड्याळ बरोबर असतं म्हणा! वसुंधराच्या घरी दहा मिनिटं पुढे, शेजारी वीस. सगळ्यांना आपापला हिशेब पाठ.

पहिले सहा महिने तिने इमानाने नंबर फिरवला. मग तिला एक सवय लागली. पानाच्या वर एकदा 'फोनवरून' लिहायचं आणि खाली पानभर 'वरीलप्रमाणे'च्या खुणा आधीच मारून ठेवायच्या. नंबर ती फिरवायचीच, मग खुणा आधी मारल्या काय आणि नंतर मारल्या काय?

एप्रिल २००६. ट्रस्टचे अध्यक्ष काही देणगीदारांना घेऊन वटारला येणार होते. लाईन कशी चालते ते त्यांना दाखवायचं आणि तशीच लाईन घालून अर्नाळ्याला नवा दवाखाना काढायचा, असा बेत होता. दिवस नेमका किल्ली बदलायचा निघाला. प्लासिडने व्यवस्थापक हरेश्वर म्हात्रे यांना विचारलं, किल्ली पुढे ढकलू का. म्हात्रे म्हणाले, तपासणीवाल्यांना वेळापत्रक गेलंय, त्यात हात घालू नकोस, कार्यक्रम साडेअकराला आहे, एकपर्यंत जेवायला बसतील.

त्या सकाळी वीज सहाला गेली आणि नऊनंतर आली. वसुंधरा दारात रांगोळी काढत होती. मोर काढला होता, पिसारा भरायचा राहिला होता. रंग लागेल म्हणून मनगटावरचं घड्याळ काढून पर्समध्ये टाकलं होतं. आतून भागूबाई ओरडली, "बाई, लाईट आली, पेटी लाव." तिने हात धुतले, आत आली, खुर्चीवर टेकली. डोक्यात पिसाऱ्याचा निळा. मान वर करून भिंतीकडे पाहिलं, नऊ पंचवीस. टंकलं, आणि पुन्हा रांगोळीकडे धावली. वहीत सही केली. पुढच्या रकान्यात खूण आधीच होती.

अकराच्या सुमारास प्लासिड आला. "वेळ लावली ना, ताई?" "लावली." त्याने वही उघडली, पानभर खुणा बघितल्या, मान डोलावली.

पाहुणे सव्वाबाराला आले. हार झाले, नारळ झाले. एकेकाची भाषणं चालू झाली तसा प्लासिड म्हात्र्यांच्या कानाशी लागला, "साहेब, एकच्या आत दाखवून घ्या." बारा चाळीसला अध्यक्ष खुर्चीवर बसले. वटारच्या एका आजोबांचं नाव टंकलं, केसपेपर दिसला, टाळ्या पडल्या. दुसरं नाव टंकलं. पडदा पांढरा. पुन्हा टंकलं. इंग्रजीत कसलीशी ओळ आली, संपर्क नाही.

"असं कसं?" अध्यक्ष हसत म्हणाले. मग हसू गेलं.

एका देणगीदार बाईंनी मनगटावर बघितलं आणि शेजारणीला म्हणाल्या, "पावणेएक झाला, जेवण कुठे आहे?" वसुंधराची नजर आपोआप भिंतीवर गेली. तिथे एक वाजला होता, बरोबर एक. एका क्षणात सगळं कळलं: पेटी भिंतीवरच्या घड्याळाने चालली आहे, तिने एकला नवा शब्द धरला, आणि माणिकपूरची पेटी अजून जुना शब्द धरून बसली आहे. पंधरा मिनिटं त्या दोघी एकमेकींना ओळखणार नाहीत.

प्लासिड खाली वाकून तारा तपासत होता. सदरा पाठीला चिकटला होता. म्हात्रे दात आवळून म्हणाले, "काय रे, तुझं एक म्हणजे पावणेएक का? समारंभ चालू असताना किल्ली फिरवलीस?"

तेव्हा बोलायचं होतं. एकच वाक्य. ती दाराला टेकून उभी राहिली आणि हातातलं तबक सरळ धरत राहिली, जणू ते तबक पडणं हीच तेवढी भीती होती.

एकला लाईन आपोआप आली. तोवर पाहुणे मांडवात जेवायला बसले होते, कोणी बघायला आलं नाही. अर्नाळ्याचा दवाखाना पुढे झालाच नाही. प्लासिड पाहुण्यांतून मोकळा होऊन पेटी तपासायच्या आत चारला वीज पुन्हा गेली आणि पेटीच्या पोटात काय नोंद असेल नसेल ती पुसली गेली. राहिली ती फक्त वही.

दुसऱ्या दिवशी प्लासिड वही घेऊन तिच्यासमोर बसला. डोळे तांबारलेले. "ताई, एकच विचारतो. वेळ फोनवरूनच घेतली होती ना?"

"हो," ती म्हणाली.

"मग चूक माझ्याच कागदात आहे," तो म्हणाला आणि वही बंद करून तिच्याकडे दोन्ही हातांनी दिली.

म्हात्र्यांनी त्याला काढलं नव्हतं, नुसतं लेखी विचारलं होतं. महिनाभर तो कागद तपासत राहिला आणि मग त्याने आपणहून राजीनामा दिला. वसुंधरा मंगळवारी जीवदानीच्या पायऱ्या चढली आणि देवीसमोर सगळं बोलली. देवीला सांगितलं म्हणजे माणसाला सांगायची गरज राहिली नाही, असं तिने स्वतःला समजावलं. पुढच्या मंगळवारी पुन्हा बोलली. तिसऱ्या मंगळवारी देवीच्या डोळ्यांकडे बघायचं धाडस झालं नाही.

भुईगाव मागे पडलं. एका वळणावर प्लासिडने पानांचा भारा एका दुकानात दिला आणि सायकल हलकी झाली. रस्त्याकडेच्या क्रूसासमोर त्याने कपाळाला, छातीला हात लावला.

"मी फादरकडे पण जाऊन आलो होतो तेव्हा," तो सहज बोलायला लागला. "म्हटलं, फादर, माझ्या हातून असं असं झालं. ते म्हणाले, चूक म्हणजे पाप नव्हे, बाबा, घरी जा. मी म्हटलं, फादर, पाप नसू दे, पण कुठली चूक ते तरी कळू दे! ते हसायला लागले. त्यांना वाटलं मी थट्टा करतोय."

"प्लासिडसर," वसुंधरा म्हणाली. तिची नजर पुढच्या डांबरावर होती. "वेळ मी फोनवरून घेतली नव्हती."

"कुठली वेळ?"

"त्या दिवशीची. भिंतीवरच्या घड्याळाची लावली होती. भागूबाईच्या."

तो चार पावलं पुढे गेला आणि थांबला. सायकल स्टँडला लावली. बोटांवर काही मोजायला लागला. "पंधरा मिनिटं पुढे… म्हणजे तिच्या एकला आपले पावणेएक… माझी पाच मिनिटं अपुरी…" आणि मग त्याचा चेहरा असा उजळला की वसुंधराने तसा आनंद कोणाच्या तोंडावर पाहिला नव्हता. "सापडली!" तो मोठ्याने म्हणाला. "अहो ताई, सापडली! कागद बरोबर होता! कागद बरोबर होता माझा!"

शेजारच्या वाडीतली एक बाई कामातून मान वर करून बघायला लागली. प्लासिड हसत होता, डोळ्यांत पाणी होतं.

"आता आठवलं का तुम्हाला? चालता चालता?"

इथे 'हो' म्हणता आलं असतं. तो ते मानायला तयार होता, नव्हे, त्याने ते उत्तर तिच्या हातात ठेवलंच होतं. तिने मनात देवीचं नाव घेतलं.

"नाही. तेव्हाच कळलं होतं. पडदा गेला तेव्हाच."

त्याचं हसू एकदम गेलं नाही. हळूहळू उतरत गेलं, आणि ते उतरताना बघणं हीच तिची शिक्षा होती. त्याने सायकल स्टँडवरून काढली आणि तिच्यासाठी न थांबता चालायला लागला. हँडलला तिचा डबा हलत होता. ती मागून जवळजवळ धावत होती. गिरीज गेलं, होळी नाक्यावरचा बाजार गेला. पापडी गावापाशी तो बोलला, मागे न बघता.

"मला काय वाटत होतं सांगू? मला वाटलं, इंग्रजी कच्चं म्हणून मी त्या पुस्तकातलं काहीतरी उलटं समजलोय. कुठे तरी 'आधी'च्या जागी 'नंतर' वाचलंय. पुस्तक काढून सगळं पहिल्यापासून वाचलं. दोनदा. माझ्याच पेन्सिलीच्या अक्षरावरचा माझा विश्वास उडाला, ताई. शेवटी ते पुस्तक मी पोटमाळ्यावर टाकलं."

वसुंधराला त्याचं ते वाक्य आठवलं, घाई नाही, मीसुद्धा असाच शिकलो. तोंड लपवायला रस्त्यावर जागा नव्हती.

"मी आजच म्हात्रेसाहेबांना लिहून देते," ती म्हणाली. "डबा देते आणि तिथेच बसून लिहिते. माझं काय व्हायचं ते होऊ दे."

"तुमचं काही होणार नाही," तो म्हणाला. "ते पहिलं विचारतील, घड्याळ पुढे कोणी केलं होतं. मग भागूबाईला घरी बसवतील. म्हातारा अंथरुणावर आहे तिचा. नको. लिहायचं नाही."

लिहून मोकळं होण्याची तेवढी एक वाट होती, तीही त्याने बंद केली. आणि तो बरोबर होता. भागूबाईचा तर विचारही तिच्या मनाला शिवला नव्हता.

"मग मी काय करू? तुम्ही सांगाल ते करते."

भाबोळ्याच्या चढाला त्याची चाल मंदावली आणि ती त्याच्या बरोबरीला आली. पुढे माणिकपूरची दुकानं दिसायला लागली. रिक्षांच्या थांब्यावर रिकाम्या रिक्षा ओळीने उभ्या होत्या आणि ड्रायव्हर पत्ते खेळत होते.

"फ्रान्सिसला हो म्हणेन बहुतेक," तो म्हणाला. "अजून नक्की कळत नाही. त्याच्या दारात गेल्यावर कळेल." मग म्हणाला, "तुम्हाला माहीत नसेल. राजीनामा दिल्यावर माझी आय एकटी माणिकपूरला आली होती. डोक्यावर पाटी तशीच. म्हात्रेसाहेबांच्या टेबलासमोर उभी राहिली आणि म्हणाली, माझा पोर चुकला नाय, कोन म्हनतो चुकला त्याला माझ्यासमोर आना. सगळे क्लार्क हसत होते. मला कोणीतरी फोन केला म्हणून मी धावत आलो. सगळ्यांसमोर तिचा हात धरला आणि म्हटलं, आय, चल, चूक माझीच आहे. ती माझ्याकडे बघत राहिली. मग पाटी उचलली आणि चालायला लागली. एवढ्या बाजारभर भांडणारी बाई, ताई, पण त्या दिवसापासून माझी बाजू घेऊन कोणाशी एक शब्द बोलली नाही. तोंडलीच्या भावावरूनसुद्धा भांडत नाही आता. समोरचा देईल ते घेते."

रुग्णालयाचं फाटक आलं. त्याने हँडलवरचा डबा काढला आणि तिच्या हातात दिला. बर्फ वितळून डब्याचं बूड ओलं झालं होतं.

"ती सकाळी आठला बाजारातून येते," प्लासिड म्हणाला. "उद्या दवाखान्यात जायच्या आधी आमच्या घरी या. मी नसेन, मुद्दाम नसेन. तिला सांगा. पण आता मला सांगितलंत तसं नको, रस्त्याकडे बघून. तिच्या तोंडाकडे बघून सांगा."